पाठच्या घडीवर

मीरा रोड (पूर्व)
२९ जून २०२५

तीर्थस्वरूप दाजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

मे महिन्यात येते म्हणाले होते आणि जून संपत आला. रागावला असाल. नसलात तर ते जास्त वाईट, कारण मग तुम्ही माझी वाट बघणंच सोडलं असं होईल. मीरा रोडहून तारोडी म्हणजे काही काशी नव्हे. भाईंदरहून बस धरली की तासाभराची वाट. तेवढ्याच वाटेला तुमचं पत्र पाच दिवस घेतं, आणि तरी माझ्यापेक्षा तेच नेमाने येतं-जातं.

दिवस कुठे जातो कळत नाही. ऑफिस आहे, ते असतंच. शिवाय सोसायटीची सेक्रेटरी मी, महिला मंडळाच्या सहलीची यादी माझ्याकडे, गणपतीची सजावट माझ्याकडे, आणि बी विंगच्या हंसाबेननी नवरात्रातल्या गरब्याची नावं घ्यायचं काम आत्तापासून माझ्या गळ्यात घातलंय. संजना पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा वाटलं होतं, आता काम कमी होईल. उलट लोकांना कळलं की मी मोकळी आहे. पराग म्हणतो, बायकोशी बोलायचं तर मला सोसायटीच्या तक्रारवहीत लिहावं लागतं.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ही पत्रं. नाहीतर "नंतर करते" म्हणून मी तुमचाही फोन ठेवला असता.

विचारायचं ते राहिलंच. पुढच्या रविवारी आषाढी एकादशी, चातुर्मास लागेल. ताई होती तोवर ती प्रत्येकाला नेम वाटून द्यायची. आईचा कांदा-लसूण बंद, माझा चहा बंद, तुमची तपकीर बंद. तिला जाऊन चार वर्षं झाली आणि ही चारही वर्षं मी वांगं सोडतेय. ह्या वर्षी तिच्या जागी तुम्ही सांगा, काय सोडू?

गणपतीच्या आधी एकदा नक्की येते.

तुमची,
मिनल


तारोडी
४ जुलै २०२५

चि. सौ. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

वांगं सोडतेय म्हणे. तुझ्या लग्नाच्या आधीपासून तुला ओळखतो. भरीत वाढलं की तू ते ताईच्या ताटात सरकवायचीस आणि ती, माझी स्वाती, मुकाट्याने खायची. न आवडणारी गोष्ट सोडली तर त्याला नेम म्हणत नाहीत, सोय म्हणतात. सोडवत नाही ते सोडायचं, चार महिने पाळायचं आणि कार्तिकीला तीच वस्तू दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, ही स्वातीची पद्धत. माझी तपकीर सुटली त्या वर्षी भरलेली डबी समोरच्या आत्मारामला द्यावी लागली. तो अजून शिंकतोय.

तर तू दोनच शब्द सोड. "मी करते." तुला तेच सगळ्यात प्रिय आहेत. कोणी नुसतं खाकरलं तरी तुझ्या तोंडून "मी करते" बाहेर पडतं. यापुढे कोणी काम सांगितलं की "उद्या सांगते" म्हणायचं. रात्री ते काम उशाशी घेऊन झोपायचं, आणि सकाळी उठल्यावरही ते आपलंच वाटलं तर अंगावर घ्यायचं. पत्र पोचेपर्यंत एकादशी उलटेल, पण दोन-चार दिवस उशिरा धरलास तरी देव काही म्हणणार नाही.

तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. स्टँडवर सगळ्यात जास्त धावपळ करणाऱ्या ड्रायव्हरने कधी गाडी वेळेवर काढलेली मला आठवत नाही.

मी ठीक आहे. यायची घाई करू नकोस, कामं उरकून ये.

तुझा,
दाजी

(पाठच्या घडीवर)

मिनलताई, मी शेवंती, दाजींच्या बाजूच्या घरातली. आत लिवलंय ते दाजींनी सांगितलं तसं. हे माज्या मनाचं लिवतेय, त्यांना न सांगता. होलीपासून त्यांची पत्रं मीच लिवते. दोन्ही डोल्यांत मोतीबिंदू हाय. ताट समोर ठेवलं तरी हातानी चाचपतात. मागच्या आठवड्यात ओट्यावरून पडले, गुडघा फुटला. भाईंदरचे डॉक्टर बोलले, दिवालीच्या आत ऑपरेशन करा, न्हायतर पिकून कडक होईल, मग कठीन. पन सही करायला घरचं मानूस पायजे, आन् महिनाभर दिवसातून चार वेला डोल्यात औषध घालायला पायजे. मी सकाली मासली घेऊन बाजाराला जाते, माज्यानं त्या वेला सांभालनं होत न्हाय. दाजी बोलतात, मिनलला कलवायचं न्हाय, ती कामात असते. मी कलवलं. आता काय ते तुमी ठरवा.


मीरा रोड
२० जुलै २०२५

तीर्थस्वरूप दाजी,
शि. सा. नमस्कार.

तुमचं आंतरदेशीय पत्र लेटरबॉक्समधून काढलं आणि लिफ्टमध्ये उभ्या-उभ्या वाचलं. सातव्या मजल्याला दार उघडलं तेव्हा पत्रही संपलं होतं आणि नेमही पक्का झाला होता.

पहिला दिवस जड गेला. सकाळी वॉचमन आला, टाकी धुणाऱ्यांना कधी बोलवायचं. तोंडात "मी" आलं, "करते" गिळलं. तो तसाच उभा. "मॅडम, तबियत ठीक है ना?" संध्याकाळी हंसाबेन आल्या. गरब्याच्या नावांबरोबर नाश्त्याचंही माझ्याकडेच द्यायचं, असं ठरवून आल्या होत्या. "मिनलबेन, तुम कर लोगी ना?" मी म्हटलं, "कल बताती हूँ." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण दाजी, सकाळी उठल्यावर कळतं की त्यातली निम्मी कामं आपली नव्हतीच. टाकीवाल्यांना वॉचमननेच फोन केला. नाश्त्याचं हंसाबेनच्या जावेने घेतलं. आठ वर्षं मला वाटत होतं की मी नसले तर ह्या बिल्डिंगला पाणी मिळणार नाही. खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. मला थोडा रागच आला.

तुमचं अक्षर मात्र भलतंच सुधारलंय. पूर्वी तुमचं पत्र म्हणजे डेपोची नोंदवही, ओळ कुठे सुरू होते शोधावं लागायचं. आता कसं गोल आणि सुटं. मोकळ्या वेळाचा फायदा, दुसरं काय. तुम्हाला एक स्मार्टफोन घेऊन देऊ का? कुठल्याही ग्रुपमध्ये घालणार नाही, शपथ.

तुमची,
मिनल


तारोडी
२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

अक्षराचं म्हणशील तर रिकाम्या माणसाला अक्षर वळवायला वेळ असतो. ह्या विषयावर पुन्हा लिहू नकोस. फोन नको. त्याच्या काचेत सगळं धुरकट दिसतं.

राग आला म्हणालीस ते मला पटलं. तुला एक सांगतो, स्वातीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डेपोत गेलो होतो. दूध आणतो म्हणून सांगितलं होतं. मला बघायचं होतं, माझ्याशिवाय पहिली गाडी सुटते का. सुटली, अगदी वेळेवर. कँटीनवाल्याने विचारलं, "साहेब, कुठे जायचंय?" आणि मला सांगता येईना. दूध न घेताच परत आलो. स्वातीने बिनदुधाचा चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "कुठे जायचं ते आता आपण ठरवू." त्याच महिन्यात आम्ही तारोडीला घर बघायला आलो. सात वर्षं मिळाली आम्हाला इथे, पण ती आम्ही ठरवून जगलो. आधीची तीस कशी गेली ते विचारशील तर डेपोच्या वहीत बघावं लागेल.

तेव्हा राग येऊ दे. आठवड्याभरात जातो.

तब्येत ठीक आहे.

तुझा,
दाजी

(पाठच्या घडीवर)

मिनलताई, पत्राचं उत्तर दिलंत, माज्या लिवन्याचं न्हाय दिलंत. वाचून गप बसलात का? तुमची पत्रं मी दाजींच्या कानाशी वरडून वाचते, सगली गल्ली ऐकते. "अक्षर सुधारलंय" हे वाचलं तवा दाजी हसले. डॉक्टरनी दसऱ्यानंतरची तारीख दिलीय, सहा ऑक्टोबर. घटस्थापनेपर्यंत घरचं कोन येनार ते सांगायला पायजे, न्हायतर ती तारीख दुसऱ्याला जाईल. येनार का न्हाय, एवडंच लिवा. न्हाय असेल तर न्हाय लिवा. मी समजून जाईन.


मीरा रोड
७ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप दाजी,
शि. सा. नमस्कार.

गणपतीच्या आधी नक्की येते म्हणाले होते आणि काल विसर्जनही झालं. माझ्या "नक्की"वर तुम्ही आता हसत असाल.

सजावट मी केली नाही. ए विंगच्या ममताने केली आणि माझ्यापेक्षा बरी केली. नेम मात्र दोनदा मोडला, एकदा मोदकांपायी आणि एकदा ढोलवाल्यांपायी. त्याची भरपाई म्हणून परवाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीपद सोडलं. सोसायटीच्या ऑफिसच्या किल्ल्यांचा जुडगा ममताच्या हातात दिला. पर्स इतकी हलकी वाटायला लागली की हरवली की काय म्हणून सारखी चाचपत होते.

आता पुढे मोकळे रविवार दिसतात आणि त्यांची मला भीती वाटते. आज सकाळपासून एकच कपाट तीनदा आवरलं. पराग म्हणाला, कपाटाला तरी सुट्टी दे. मोकळ्या वेळात माणसं करतात तरी काय, दाजी?

तुमच्या तब्येतीचं नीट लिहीत जा. नुसतं "ठीक आहे" लिहिता. दसरा झाला की एक दिवस येते.

तुमची,
मिनल


तारोडी, दाजींच्या ओट्यावर
२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना, सकाळचे अकरा

शेवंतीताई,

तुमच्या दाराला कुलूप आणि दाजींच्याही दाराला कुलूप. समोर जाळं शिवत बसलेले आत्मारामकाका म्हणाले, "दोघं भाईंदरला गेलीत, डॉक्टरकडं. ती तारीख नको म्हनून सांगायला. घरचं कोन येत न्हाय ना." मग त्यांनी विचारलं, तुमी कोन? मला नाव सांगायची लाज वाटली.

दवाखाना कुठला ते त्यांना माहीत नाही. त्यांच्याकडून तुमचा नंबर घेऊन लावला तर तो तुमच्याच खिडकीत वाजला. तुम्ही मोबाइल चार्जिंगला लावून गेलात. आता पुढची बस धरते आणि भाईंदरमधले डोळ्यांचे सगळे दवाखाने पालथे घालते. चुकामूक झाली तर असावी म्हणून ही चिठ्ठी तुमच्या कडीत अडकवतेय.

मी वाचून गप्प बसले नव्हते. मी वाचलंच नव्हतं. आमच्या लहानपणी पत्र आलं की आई आधी पाठची घडी वाचायची. खरी बातमी तिथेच असते म्हणायची. आणि मी आतलं वाचलं, लिफ्ट थांबली आणि पत्र पर्समध्ये टाकलं. दुसरंही तसंच. काल रविवार होता. कपाट आवरायचं नाही असं ठरवलं आणि दाजींची पत्रं घेऊन गॅलरीत बसले. सावकाश वाचली. पत्र कुठल्या तारखेला पोचलं म्हणून शिक्का बघायला उलटलं, आणि मागे तुम्ही. अडीच महिने तुम्ही माझ्या पर्समध्ये ओरडत होता.

आणि अक्षर सुधारलं म्हणून मी त्यांचं कौतुक केलं. ते हसले म्हणता. मला इथे बसून रडू आवरत नाहीये.

नेम संपायला अजून दीड महिना आहे. पण दाजींनी सांगितलं तसंच केलंय. काल रात्री हे काम उशाशी घेऊन झोपले आणि सकाळी उठले तेव्हा ते माझंच होतं. दुसऱ्या कुणाचं ते कधी नव्हतंच. आठ वर्षांची रजा साठलीय, ती घेते. मी दवाखान्यात पोचले नाही तर उद्या पुन्हा जा आणि तारीख परत मागून घ्या. मी करते.

मिनल


तारोडी
२६ सप्टेंबर २०२५

मिनलताई,

चिठ्ठी कडीत मिलाली, पन त्याच्या आदी तुमीच मिलालात. आल्यापासून आत्मारामकाका विचारतात, काय झालं, काय झालं. त्यांना दहा वेला सांगितलं, आता तुमाला पन लिवते, कारन तुमाला तुमचा अवतार दिसला न्हाय.

आमी खुर्चीवर बसलेलो, नंबर यायचा होता. दाजी बोलत होते, जाऊ दे, दुसऱ्या कुना गरजवंताला ती तारीख मिलेल. तवा तुमी घामाघूम आत आलात आन् दाजींच्या कानाशी वाकून वरडलात, "दाजी, मी करते." सगला दवाखाना बघाय लागला. नर्स बोलली, मॅडम, क्या करती हो? दाजींनी तुमचा हात चाचपला, बांगड्या चाचपल्या आन् बोलले, "नेम मोडलास." तुमी बोललात, "मोडला." मग दोघंबी रडलात. मी न्हाय रडले. मना बाजाराची घाई होती.

आता दाजी महिनाभर तुमच्याकडे येनार तर सांगून ठेवते. "मना काय लागत न्हाय" बोलतात ते खोटं हाय. सकाली भाकरी आन् सुक्या जवल्याची चटनी लागते. बोलायचं ते डाव्या कानाशी. ताट वाढलं की भात कुठं, मासली कुठं ते हात धरून दाखवा, मग चाचपत न्हाय. तपकिरीची डबी लपवून ठेवा, डॉक्टर बोलले शिंकायचं न्हाय.

मी तुमाला वाईट समजलेली. ते मागं घेते. पत्रं लिवायची सवय लागलेली, ती आता सुटेल, त्याचं जरा वाईट वाटतं.

शेवंती


तारोडी
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

हे अक्षर ओळखलंस ना? डेपोची नोंदवही. ओळ कुठे सुरू होते ते शोधून वाच.

उजवा डोळा स्वच्छ आहे. ओट्यावर बसून लिहितोय. शेवंतीने बोंबील वाळत टाकलेत. त्यातला एक मघाशी कावळ्याने नेला, तो मी आधी बघितला आणि तिने नंतर. आत्माराम म्हातारा झालाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, आरसा बघितला न्हाय वाटतं तुमी.

तुझ्याकडे होतो तेव्हा एका दुपारी टेबलावर माझी पत्रं सापडली. मी सांगितलेलं वाचलं आणि मी न सांगितलेलंही वाचलं. तीस वर्षं माझ्या सहीशिवाय गाडी सुटली नाही, आणि इथे माझ्या सहीच्या पाठीमागून शेवंतीने अख्खी गाडी काढली. इथे आल्यावर तिच्यावर रागवायला गेलो आणि तिच्याकडे जेवून आलो.

कार्तिकी झाली. सोडलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची असते, ती तू परागरावांना दिलीस हे मी पाहिलं. तुळशीच्या लग्नाला हंसाबेन आल्या, कोणीतरी चहाचं म्हणालं, आणि तू तोंड उघडायच्या आत परागराव म्हणाले, "मी करतो." साखर विसरले. हंसाबेननी बिचाऱ्यांनी तसाच प्यायला.

नेम मोडला त्याचं काय करायचं, असं निघताना विचारलंस. स्वाती असती तर तिने तुला आधी जवळ घेतलं असतं आणि मग वांग्याचं भरीत खायला लावलं असतं. मी त्यातलं भरीत माफ करतो.

दुसरा डोळा जानेवारीत आहे. ह्या वेळी शेवंती नाही, मी स्वतः विचारतोय. येशील का? एक रात्र उशाशी घेऊन झोप आणि मग कळव.

तुझा,
दाजी

ता. क. पत्र उलट.

(पाठच्या घडीवर)

तुला कळवायचं नाही म्हणालो, ते तू नाही म्हणशील म्हणून नव्हे. तू लगेच हो म्हणाली असतीस. मग मी तुझ्या यादीत टाकीच्या खाली आणि गरब्याच्या वर कुठेतरी लागलो असतो. त्याची मला भीती वाटत होती.

औषध घातलं की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असायचं, दिवसातून चार वेळा. मला वाटायचं, आता ही उठून जाईल, हिची शंभर कामं. गेलीस तरी तुझी पावलं मला ऐकू येणार नव्हती, म्हणून पाच मिनिटं कधी होतात त्याची वाट बघत पडायचो. पूर्ण महिन्यात तू एकदाही उठली नाहीस. डोळा उघडला की समोर तू असायचीस, हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली.